मार्कोसच्या काळातली लूट आणि छळ: सिद्ध झालेलं किती, ऐकीव किती?

अनघा_नाशिक:
माझी भाची फिलिपिन्समध्ये दावाओला डॉक्टरकी शिकतेय. तिच्या घरमालकीणबाई मायाळू आहेत, पण जेवताना हटकून सांगतात की थोरल्या मार्कोसच्या (१९६५ ते ८६ राष्ट्राध्यक्ष असलेल्या फर्डिनांड मार्कोसच्या) राज्यात शिस्त होती, स्वस्ताई होती, बाकी सगळ्या विरोधकांच्या कंड्या. २०२२ मध्ये त्याचाच मुलगा ३ कोटींहून जास्त मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला. भाची विचारते, "मावशी, खरं काय मानू?" कुणाला नीट माहिती आहे का?

दर्या_मालवण:
अनघाताई, मी बोटीवर इंजिनात होतो, आता निवृत्त. सोबतीला कायम फिलिपिनो खलाशी असायचे, म्हणून हा विषय जवळचा.

कोर्टात ठरलेलंच पुष्कळ आहे. १५ जुलै २००३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्विस बँकांतले ६५ कोटी ८० लाख डॉलर सरकारजमा केले. वीस वर्षांत मार्कोस नवरा-बायकोची मिळून कायदेशीर कमाई भरली जेमतेम ३ लाख ४ हजार डॉलर. उरलेले कुठून आले, याचं धड उत्तर कुटुंबाला देता आलं नाही. झुरिकची खाती १९६८ पासूनची, 'विल्यम सॉन्डर्स' आणि 'जेन रायन' या खोट्या नावांवर.

पण मला जास्त लागते ती नारळाची गोष्ट. आमच्या बोसनच्या (बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) वडिलांचे केसोन प्रांतात माड होते. सुकं खोबरं विकलं की पैशातून सरकारी पट्टी कापली जायची. सांगायचे की यातून तुमची बँक होईल, तुम्ही भागधारक व्हाल. बँक झालीही, पण तिची सूत्रं मार्कोसच्या मर्जीतल्या एदुआर्दो कोहुआंगको यांच्या हाती गेली. बँकेचे अध्यक्ष होते हुआन पोन्से एनरिले, म्हणजे देशाचे संरक्षणमंत्री. १९७२ च्या मार्शल लॉनंतर लोकांना उचलायचे हुकूम निघायचे ते याच मंत्र्याच्या सहीने. आता सांगा, पट्टीचा हिशोब मागायला कुठला बागायतदार पुढे येणार? लूट वेगळी आणि छळ वेगळा असं तिथे नव्हतंच. बोसनच्या घरी हाती उरल्या त्या पावत्या.

विश्वास_कोल्हापूर:
दर्याकाका, पूल, हृदयरोगाचं इस्पितळ ही कामं तर झाली ना? आपल्याकडेही आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या असं आजोबा सांगतात.

दर्या_मालवण:
झाली. सामार आणि लेयते बेटं जोडणारा सान हुआनिको पूल १९७३ चा, जपानी कर्जातून बांधलेला. त्याच पुलाचं नाव पोलिसांनी एका छळाला दिलं होतं. कैद्याचं डोकं एका खाटेवर, पाय दुसऱ्या खाटेवर, मधे आधार नाही. अंग खाली आलं की मार. बातानची अणुभट्टी तर २ अब्ज डॉलरच्या वर गेली आणि तिच्यातून एक युनिट वीज निघाली नाही. कर्ज मात्र लोक २००७ पर्यंत फेडत होते. १९८४ आणि ८५, लागोपाठ दोन वर्षं अर्थव्यवस्था सात-सात टक्क्यांनी आकसली. स्वस्ताईचं म्हणणाऱ्या बाईंना ही दोन वर्षं आठवतात का, ते भाचीने हळूच विचारावं.

आणि विश्वास, वेळेवर धावणाऱ्या गाडीपायी विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला विसरायचं, हे मला पटत नाही. इथलंही नाही, तिथलंही नाही.

अनघा_नाशिक:
छळ झालेल्यांना पुढे काही मिळालं का? आणि बागायतदारांना?

रेवती_वकील:
अनघाताई, अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या आकड्यांप्रमाणे सुमारे ७०,००० लोक तुरुंगात गेले, ३४,००० जणांचा छळ झाला, ३,२४० मारले गेले. २०१३ मध्ये भरपाईचा कायदा आला. त्यासाठीचे १० अब्ज पेसो दर्याकाकांनी सांगितलेल्या स्विस पैशातूनच काढले. ७५,००० च्या वर अर्ज आले, मंजूर झाले ११,१०३. चाळीस वर्षांनी मारहाणीचा पुरावा आणणार कुठून? मला तरी हा निकष फार कडक वाटतो. भाचीला मात्र एवढं सांगा की छळ झाला हे त्या कायद्यात सरकारने स्वतः मान्य केलंय.

दर्या_मालवण:
बागायतदारांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र निधीचा कायदा झाला. पट्टी सुरू झाली १९७० च्या दशकात. कायदा येईपर्यंत बोसनचे वडील वारले होते. दावाओकडे माड भरपूर आहेत. घरमालकीणबाईंच्या माहेरी अशा पावत्या होत्या का, ते भाचीला विचारायला सांगा.