नुसत्या वाढ्यावर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) गायीचं दूध घटलं, काय करू?

प्रश्न: ऊसतोड चालू आहे, वाढं फुकट मिळतंय. कडब्याची पेंडी परवडत नाही म्हणून कडबा एकदम बंद केला. आठ दिवसांत दूध दीड लिटरनं घटलं. दुपारी शेजारी बसून मोजलं, रवंथ करताना एक घास जेमतेम 30 वेळा चावते.

उत्तर १: भाऊ, 50च्या आसपास हवं. चारा पचवतात ते कोटीपोटातले (गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जिवाणू, त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून चारा बदलायचा तर हळूहळू, दहा दिवस घ्या. कडब्याची कुट्टी (बारीक तुकडे) लगेच सुरू करा.

उत्तर २: वाढ्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. आम्ही वाढ्याच्या कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडतो, सोबत खनिज मिश्रण.

प्रश्नकर्ता: कुट्टी आज संध्याकाळीच घातली. गव्हाणीत काडी उरली नाही!