बीपीच्या पेशंटची हेल्थ लिटरसी (आरोग्याची माहिती समजून वापरता येणं) मोजायची कशी?

प्रश्न: एमपीएच (पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स) करतेय, गावाकडच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बीपीच्या पेशंटवर डिझर्टेशन (प्रबंध) आहे. सर म्हणतात हेल्थ लिटरसी मोजायचं रेडीमेड टूल (तयार चाचणी) घे. रिआल्म नावाचं इंग्रजी टूल बघितलं तर त्यात ६६ मेडिकल शब्द मोठ्याने वाचायला लावतात, आणि एनव्हीएस या दुसऱ्या टूलमध्ये आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल दाखवून ६ प्रश्न. आमच्याकडच्या आज्ज्यांना हे विचारू कसं??

उत्तर १: रिआल्मचा नाद सोड. इंग्रजीत स्पेलिंग एक न उच्चार भलताच, म्हणून वाचण्यावरून थोडाफार अंदाज येतो. मराठीत सातवी शिकलेला माणूसपण 'उच्च रक्तदाब' धडाधड वाचेल, कळलं काय हा प्रश्न राहतोच.

उत्तर २: आइस्क्रीमऐवजी फरसाणचं पाकीट दाखवा की. त्यावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, मीठ काढायचं तर अडीचने गुणायचं, आणि डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत. हा हिशोब आमच्या स्टाफलाही जड जातो तो भाग वेगळा 😄 पण लेबल बदललं की व्हॅलिडेशन (टूल बरोबर मोजतंय का याची तपासणी) नव्याने करावं लागेल हां, जुना कटऑफ (किती मार्कांखाली कमी धरायचं ती रेषा) तसाच लावू नका.

उत्तर ३: ज्यांना वाचता येत नाही त्यांना वगळू नकोस ताई, नाहीतर ज्यांची खरी अडचण आहे तेच बाहेर. तोंडी विचार. "समजलं का" म्हटलं की सगळेच मान हलवतात, त्यापेक्षा विचार, बीपी नॉर्मल आलं तर गोळीचं काय करणार? बरेच जण बिनधास्त सांगतात, मग कशाला घ्यायची! म्हणजे गोळीमुळेच नॉर्मल आलंय हे कळलेलंच नसतं.