घरच्या शेतात पिकेल त्यावरच वर्षभराचा स्वयंपाक: करावा की करू नये?

माचीवरची (धागाकर्ती)

आम्ही भोर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी दीड एकरात राहतो. पावसाळ्यात खाचरात भात, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी आणि भुईमूग. भात निघालं की त्याच ओलीवर वाल, मसूर, हरभरा. घरामागे हळद, आलं, सुरण, अळू, शेवगा, केळी. दोन गाई. रासायनिक खत नाही, फवारणी नाही. मीठ, गूळ, चहा आणि थोडे मसाले सोडले तर चुलीवर बाहेरचं फारसं चढत नाही. माझं मत ठाम आहे: ज्याला शक्य आहे त्याने हे करावं. विषमुक्त अन्न वगैरे कारणं आहेतच, पण माझं पहिलं कारण स्वयंपाकाचं आहे.

बाजारातून आणणारा आधी पदार्थ ठरवतो आणि मग जिन्नस आणतो. इथे घरात काय आलंय ते बघायचं आणि मग पदार्थ ठरवायचा. एक आंबटपणाच घ्या. चैत्र-वैशाखात कैरी. ती आहे तोवर आमटीत, डाळीत, चटणीत कैरीच, आणि त्याच उन्हात फोडी वाळवून वर्षाची आंबोशी भरून ठेवायची. चिंचही तेव्हाच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत जाते. मे महिन्यात करवंदं. पाऊस लागला की आंबोशी आणि चिंच बाहेर निघतात. भाद्रपदात अंबाडीचा पाला हाताशी येतो, मग त्या दोन्ही पुन्हा फडताळात आणि अंबाडीची भाजी तांदळाच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. थंडीत आवळा, लिंबू आणि तेव्हाच काय ते टोमॅटो. ताक वर्षभर. एकच मसुराची आमटी, पण तिची चव महिन्या-दोन महिन्यांनी बदलते. बारमाही टोमॅटोने ही जाण आपल्या स्वयंपाकघरातून घालवली, असं मला मनापासून वाटतं.

तांदळाचंही तसंच. नवा इंद्रायणी चिकट होतो. त्याचा मऊ भात करावा, घावन करावेत, उकड काढून भाकरी करावी. मोकळा भात हवा असेल तर गेल्या वर्षीचा तांदूळ काढायचा. श्रावणात इथल्या पावसात वाफ्यात काही टिकत नाही, मुळंच कुजतात. तेव्हा बांधावरचा टाकळा, कुर्डू, रानातली करटोली, आणि उन्हाळ्यात घातलेले सांडगे. हे सगळं शिकायला शेत घराला लागून असावं लागतं.

विरोधी मतं ऐकायची आहेत. मोकळेपणाने लिहा.

हिशोबनीस

ताई, आंबटाचा परिच्छेद फार आवडला. तरी असहमत, आणि कारण आकड्यांचं आहे.

चार माणसांचं घर धरा. माणशी महिन्याला दहा किलो धान्य धरलं तर वर्षाला जवळपास पावणेपाच क्विंटल. त्यातला निम्मा तांदूळ, म्हणजे २४० किलो. शंभर किलो भातातून साधारण पासष्ट किलो तांदूळ सुटतो, म्हणजे भात हवं ३७० किलो. एकरी बारा क्विंटल उतार धरला तर बारा-तेरा गुंठे यातच गेले. उरलेलं निम्मं धान्य नाचणी असेल तर वरकस जमिनीत एकरी चार-पाच क्विंटलच्या हिशोबाने वीस गुंठे. आता तेल. महिन्याला तीन किलो म्हणजे वर्षाला छत्तीस. शंभर किलो शेंगांतून सत्तर किलो दाणा आणि घाण्यावर त्यातून अठ्ठावीस किलोच्या आसपास तेल. म्हणजे १३० किलो शेंगा, कोरडवाहूत पुन्हा बारा गुंठे. कडधान्याला पाच-सहा. बेरीज पन्नास गुंठ्यांच्या आसपास जाते. यात गाईंचा चारा नाही आणि एखाद्या वर्षी रानडुकरांनी भुईमूग उकरला तर त्याची सोय नाही.

महाराष्ट्रातल्या किती घरांकडे अशी पाण्याची, घराला लागून असलेली जमीन आहे? ज्यांच्याकडे आहे त्यांना त्यावर मुलांची फी भरायची असते. तुम्ही ‘ज्याला शक्य आहे त्याने’ असं लिहिलंत खरं, पण तो ‘ज्याला’ फार थोडा आहे. शिवाय जीवामृताची, म्हणजे सेंद्रिय शेतीत घालतात त्या शेण-गोमूत्राच्या द्रावणाची, नेहमीची कृती बघा: एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र आणि प्रत्येकी दोन किलो गूळ व बेसन. गूळ तर तुम्ही बाहेरूनच आणता. मग स्वयंपूर्ण कशाला म्हणायचं?

गच्चीवाला

श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटाने, दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब ही मांडणी केली होती. हिशोबनीस, तुमचे पन्नास गुंठे त्यात बसत नाहीत. तुम्ही एका जमिनीतून एकच पीक धरलंय. ताई भातामागे वाल घेतात, बांधावर शेवगा आहे, खाली अळू. ते मोजा ना.

हिशोबनीस

ते मोजलं तर भाजी आणि कडधान्य सुटतं, मान्य. पण दाभोळकरांच्या मांडणीत माती घडवायला काही वर्षं रोज हात लागतो, पाला-पाचोळा मोजून घालावा लागतो. नोकरी करून शनिवारी शेतघरावर जाणाऱ्याला ते जमणार नाही. आणि दहा गुंठ्यांत तेलबिया घेऊन चौघांचं वर्षाचं तळण-फोडणी निघेल, हे मला पटत नाही.

लेक माणदेशाची

गुंठे, किलो सगळे मोजतायत. माणूस कुणी मोजत नाहीये, म्हणून लिहिते.

मी माण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरची. आमचं सगळं घरचंच होतं: बाजरी, जोंधळा, मटकी, हुलगा. सेंद्रिय हा शब्द माहीत नव्हता, खताला पैसे नव्हते एवढंच. आणि हे घरचं सगळं आईच्या अंगावर होतं. मटकी उपटायची, बडवायची, उपणायची, निवडायची. तूर भिजवून कडक उन्हात वाळवायची, जात्यात भरडायची, पाखडायची, मग ती डाळ. गोवऱ्या थापायच्या. त्याच्यावर पाणी लांबून आणायचं. ताई, तुमच्या आमटीची चव ऋतूप्रमाणे बदलते हे वाचायला छान वाटलं, पण माझ्या मनात पहिला प्रश्न आला की चिंच फोडून चिंचोके कोण काढतं? वाळत घातलेल्या आंबोशीवर आभाळ आलं की कोण पळतं?

गावात गिरणी आली, रेशनवर गहू मिळायला लागला, बाजारात डाळ पुडीत मिळायला लागली, तेव्हा बायकांची पाठ मोकळी झाली. त्याच गोष्टी सोडून पुन्हा जात्याकडे चला, असं कुणी म्हटलं की मला राग येतो, तो इथे लपवत नाही.

आणि पिकेल त्यावर जगणं म्हणजे न पिकेल तेव्हा काय, हे माणदेशाला विचारा. १९७२ च्या दुष्काळात पिकेल त्यावर राहिलो असतो तर माणसं मेली असती. बाहेरून आलेल्या मिलोच्या, म्हणजे लाल जोंधळ्याच्या, भाकरीवर आणि सुकडीवर माणसं तगली, दुष्काळी कामावर खडी फोडून. बाहेरचं अन्न हा आमच्यासाठी आधार होता.

माचीवरची

लेक माणदेशाची, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याला.

जातं आमच्याकडे आहे, पण ते डाळ भरडण्यापुरतं, आणि तेही नवरा आणि मुलगा भरडतात. पीठ विजेच्या घरघंटीवर. भात गावातल्या गिरणीत सडून आणतो, पॉलिश न करता. शेंगा तालुक्याच्या घाण्यावर. चिंच फोडायला शेजारच्या दोघी येतात, त्यांना रोजंदारी देतो आणि वर चिंचेचा वाटा. दुष्काळाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आमच्याकडे पाऊस पडतो म्हणून मी हे लिहू शकते. माणदेशाने असं करावं, असं मी म्हणणार नाही.

पण एक म्हणेन. कष्ट बाईच्या अंगावर पडतात ते घरातल्या वाटणीमुळे. पुडीतली डाळ आणली म्हणून ती वाटणी सुधारते असं नाही. शहरातल्या ओट्याशीही बहुतेक घरांत तीच उभी असते.

लेक माणदेशाची

सुधारत नाही, पण तास कमी होतात. तास कमी झाले म्हणून मी शिकले. तुमच्या घरात पुरुष जात्याला बसतात हे चांगलं आहे, खरंच. पण हा धागा वाचून उद्या कुणी जोडपं शेतघर बांधेल, तिथे तो कोण आणि ती कोण होणार हे मला आत्ताच दिसतंय.

कपाशीवाला

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. कपाशी आणि तूर. फवारणी करतो, लपवायचं कारण नाही. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, त्यानंतर घरातल्यांना पंपाची भीती बसली ती बसलीच.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे जी शहरातल्या लोकांना माहीत नसते. आमच्या गावात बऱ्याच जणांचा घरापुरता एक तुकडा वेगळा असतो. त्यात जवारी, थोडी तूर, बरबटी, वांगी, मिरची, आंबाडी. त्याला औषध नाही मारत. मिरचीला कोकडा (पानं आकसण्याचा रोग) आला तर आला. विकायच्या मालाला मारतो, कारण डाग दिसला की व्यापारी भाव पाडतो. घरच्या वांग्यात अळी निघाली तर बायको तेवढा भाग कापून टाकते आणि भरीत करते. बाजारातलं गिऱ्हाईक असं करत नाही.

म्हणून माझं मत माचीवरच्या ताईंकडे झुकतं, पण पूर्ण नाही. सगळं शेत असं करा म्हणाल तर श्रीलंकेत काय झालं ते सर्वांनी पाहिलं. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका झटक्यात बंद केली, भाताचं पीक घटलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घेतली. घरच्या तुकड्याचा नियम देशाला लावता येत नाही. देशाचा नियम घरच्या तुकड्याला लावायचीही गरज नाही.

पोषणाची वही

आहारशास्त्र शिकवते, तेवढ्यापुरतं लिहिते.

सेंद्रिय म्हणजे जास्त पौष्टिक, हा दावा जपून करावा. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा जीवनसत्त्वांत ठळक फरक दिसला नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र कमी आढळले. २०१४ च्या न्यूकॅसलच्या तशाच तपासणीत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी असा निष्कर्ष आला. वाद मिटलेला नाही. ताजेपणा आणि विविधता याबाबत मात्र वाद नाही, आणि ताईंच्या ताटात ती विविधता आहे.

दोन धोके सांगते, कारण सेंद्रियच्या उत्साहात ते राहून जातात. एक, शेंगा. ओलसर साठवल्या तर बुरशी धरते आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, ते यकृताला घातक असतं. रिफाइंड करताना ते बरंचसं निघून जातं, घाण्याच्या तेलात उतरू शकतं. शेंग हलवल्यावर दाणा आत वाजेल इतकी वाळवा. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा घाण्याला मुळीच देऊ नका. दोन, मीठ. मुसळधार पावसाच्या डोंगराळ भागात मातीतलं आयोडीन धुऊन गेलेलं असतं, तिथलंच धान्य आणि तिथलीच भाजी रोज खाणाऱ्याला ते कमी पडू शकतं. नैसर्गिक हवं म्हणून खडे मीठ किंवा सैंधव वापरत असाल तर कृपा करून आयोडीनयुक्त मीठ घ्या.

माचीवरची

मीठ आयोडीनचंच आहे. शेंगांचं मात्र आजपासून घाण्यावर येणाऱ्या सगळ्यांना सांगते, तिथे वर्षाअखेरचे उरलेले दाणे घेऊन येणारे मी पाहते.

डोंबिवलीची

मला दीड एकर मिळणार नाही. मी अशा शेतावरचं विकत घ्यावं की नको? सेंद्रियच्या नावाखाली काहीही विकतात. एका विक्रेत्याकडून तीन महिने भाजी घेतली, नंतर कळलं की ती नेहमीच्या घाऊक बाजारातलीच होती.

कपाशीवाला

ताई, प्रमाणपत्र बघा. हंगामी पिकाला रूपांतराची दोन वर्षं जावी लागतात, फळझाडांना तीन. गटाने एकमेकांची तपासणी करायची पीजीएस पद्धतही आहे, तीच छोट्या शेतकऱ्याला परवडते. पण त्याहून सोपं म्हणजे श्रावणात फुलकोबी विकतो का ते बघा. कोकणातला किंवा मावळातला माणूस बारा महिने सगळ्या भाज्या देत असेल तर त्या त्याच्या शेतातल्या नाहीत.

हिशोबनीस

हे पटलं. आणि यातूनच माझा पर्याय निघतो. धान्य आणि तेल स्वतः पिकवायचा हट्ट सोडा. ते चांगल्या शेतकऱ्याकडून वर्षाचं एकदम घ्या, त्यालाही नगदी पैसे मिळतील. घरी ठेवा भाजी, आंबट, हळद-आलं, मिरची आणि बी-बियाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. जपायचं असेल तर ते जपा. त्याला पाच गुंठे पुरतात, आणि लेक माणदेशाची म्हणतात ते कष्टही निम्म्याहून कमी होतात.

लेक माणदेशाची

याला माझी हरकत नाही. फक्त ‘वर्षाचं एकदम घ्या’ म्हणताना निवडून, ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरणारे हात कुणाचे, तेही पहिल्याच दिवशी ठरवा.

माचीवरची

हिशोबनीस, बऱ्याच घरांसाठी तुमचा पर्याय बरोबर आहे आणि मी तो नवीन येणाऱ्यांना सांगेन. मी स्वतः भात सोडणार नाही. विकतच्या तांदळासोबत पेंढा येत नाही, आणि पेंढा नसला तर गाई नाहीत, गाई नसल्या तर शेण नाही, ताक नाही. आमच्या घरात तांदूळ हा भाताचा फक्त एक भाग आहे. भुईमुगाचा मात्र विचार करते. रानडुकरांचा त्रास आमच्याकडेही आहे, आणि पलीकडच्या गावातले एक दादा कुंपण घालून चांगला भुईमूग काढतात. येत्या खरिपात त्यांच्याकडून शेंगा घेऊन तो वरकस तुकडा वरईला देता येईल. वरईला कुणी कीड लागलेली पाहिली असेल तर इथेच कळवा, पेरणीला अजून वेळ आहे.