साखर भरपूर असतानाही यीस्टची वाढ का थांबते? टॉर कायनेजविषयी प्रश्न

अंत्रुज, फोंडा

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदाच्या काजूच्या हंगामात आमच्या भागातील एका भट्टीवर आंबायला ठेवलेला निरो (काजूच्या बोंडांचा रस) आणून त्यातून मी यीस्ट वेगळे केले, आणि प्रयोगशाळेतील नेहमीच्या वाणाशी त्याच्या वाढीची तुलना करत आहे. माध्यमात २ टक्के ग्लुकोज आणि अमोनियम सल्फेट असेल तर दोन्ही जोमाने वाढतात. अमोनियमऐवजी केवळ प्रोलीन हे अमिनो आम्ल दिले की वाढ मंदावते. रापामायसिन हे औषध घातले की ती जवळजवळ थांबते, आणि तेव्हाही माध्यमात ग्लुकोज पुष्कळ शिल्लक असते. त्या पेशी मेलेल्याही नसतात, कारण औषध नसलेल्या ताटलीवर पसरल्यावर त्यांतून उशिरा का होईना पण वसाहती येतात.

टॉर हे प्रोटीन कायनेज पेशीच्या वाढीचे नियमन करते, एवढेच एक वाक्य माझ्या पाठ्यपुस्तकात आहे. (कायनेज म्हणजे इतर रेणूंना फॉस्फेट जोडणारे एन्झाइम.) अन्न समोर असताना, आणि ते पचवणारी एन्झाइमे जागेवर असताना, एकट्या कायनेजला रोखल्याने सगळे काम का थांबावे? येथे वाढ थांबते की विभाजन? आणि नायट्रोजन कमी आहे हे त्या कायनेजला कळते तरी कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताळगाव पठार

आपल्या निरीक्षणांतच अर्धे उत्तर आहे. आधी वाढ आणि विभाजन या दोन गोष्टी वेगळ्या करू या. वाढ म्हणजे पेशीच्या वस्तुमानात, मुख्यतः प्रथिनांत, होणारी भर; विभाजन म्हणजे डीएनएची प्रत काढून कळी वेगळी होणे. हार्टवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले की विभाजन अडवलेल्या यीस्टच्या पेशी आकाराने वाढतच राहतात, उलट वाढ अडवली तर मात्र विभाजनचक्राची पुढची फेरी सुरू होत नाही. विभाजन वाढीची वाट पाहते, वाढ विभाजनाची वाट पाहत नाही. सीडीसी २८ हे कायनेज विभाजनाच्या बाजूचे आहे आणि टॉर वाढीच्या बाजूचे, म्हणून रापामायसिन दिलेल्या पेशी कळी न धरता जी १ अवस्थेत, म्हणजे डीएनएची प्रत काढण्याआधीच्या टप्प्यावर, थांबलेल्या दिसतात.

ईस्टर बेटावरील मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून रापामायसिन मिळाले आणि १९७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या कामात सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. पुढे १९९१ मध्ये बाझेल येथे हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी या औषधाला न जुमानणारे यीस्ट शोधले आणि त्यातून टॉर १ व टॉर २ ही जनुके हाती लागली. म्हणजे आज माणसाच्या कर्करोगापासून वार्धक्यापर्यंत ज्याचा अभ्यास चालतो ते कायनेज प्रथम आपल्या या साध्या यीस्टमध्ये ओळखले गेले. विद्यार्थ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

आता मूळ मुद्दा. टॉर एकटे काम करत नाही. ते कॉग १, एलएसटी ८ अशा प्रथिनांसह टॉर संकुल १ बनवते आणि हे संकुल प्रामुख्याने रिक्तिका या पेशीतील पिशवीच्या पटलावर असते. रिक्तिका हे यीस्टचे अमिनो आम्लांचे कोठार असल्यामुळे ही जागा अर्थपूर्ण आहे. त्याच पटलावरील जीटीआर १ आणि जीटीआर २ ही प्रथिने अमिनो आम्लांच्या उपलब्धतेनुसार आपली अवस्था बदलतात आणि संकुलाला कामाला लावतात किंवा थांबवतात. अमोनियमपासून ग्लुटामीन हे अमिनो आम्ल सहज तयार होते, प्रोलीनपासून मात्र नायट्रोजन मिळवणे पेशीला जड जाते, म्हणून प्रोलीनवर टॉरची सक्रियता उतरते आणि आपला आलेख खाली येतो.

टॉर सक्रिय असताना ते एससीएच ९ या दुसऱ्या कायनेजला फॉस्फेट जोडते, आणि त्यातून रायबोसोमांच्या, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रांच्या, बांधणीला चालना मिळते. ही बांधणी किती खर्चिक आहे ते पाहा: जोमाने वाढणारी यीस्टची पेशी मिनिटाला सुमारे २,००० रायबोसोम तयार करते आणि तिच्या एकूण आरएनए निर्मितीपैकी सुमारे ६० टक्के निर्मिती केवळ रायबोसोमल आरएनएची असते. नायट्रोजन नसताना हा खर्च चालू ठेवणे पेशीला परवडणारे नाही. टॉर थांबले की हे बांधकाम थांबते, जीएलएन ३ हे प्रथिन केंद्रकात जाऊन हलक्या प्रतीचा नायट्रोजन वापरणारी जनुके चालू करते, पेशी स्वतःचेच घटक रिक्तिकेत नेऊन मोडू लागते आणि ग्लायकोजेन हे राखीव कर्बोदक साठवते. रापामायसिन पेशीचे अन्न काढून घेत नाही. एफपीआर १ या लहान प्रथिनाला चिकटून ते टॉरला अडवते, आणि अन्न असूनही पेशी उपासमारीच्या काळातला सगळा कार्यक्रम राबवू लागते. म्हणूनच त्या पेशी जिवंत असतात.

साळ नदीकाठ, मडगाव

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु एका गोष्टीची भर घालणे मला आवश्यक वाटते. सर्व नियमन टॉरकडेच आहे असा समज होऊ नये. ग्लुकोज आहे ही खबर मुख्यतः रॅस हे प्रथिन आणि सायक्लिक एएमपी हा लहान संदेशवाहक रेणू यांच्या मार्गाने प्रोटीन कायनेज ए पर्यंत पोहोचते, आणि ग्लुकोज संपत आले की एसएनएफ १ हे कायनेज जागे होऊन पर्यायी अन्न वापरण्याची जनुके उघडते. रायबोसोमच्या जनुकांवर टॉर आणि प्रोटीन कायनेज ए या दोघांचाही प्रभाव पडतो, त्यामुळे साखरेची खबर अनुकूल असली तरी नायट्रोजनची खबर प्रतिकूल असेल तर पेशी पूर्ण वेगाने वाढत नाही. आपल्या प्रयोगात नेमके हेच घडले आहे.

टॉर २ हे दुसऱ्या एका संकुलातही असते. ते पेशीच्या पटलाची आणि ॲक्टिनच्या सांगाड्याची व्यवस्था पाहते आणि रापामायसिनला दाद देत नाही. टॉर १ काढून टाकलेले यीस्ट जगते, पण टॉर २ काढून टाकलेले जगत नाही, याचे कारण तेथे आहे.

आपण निरोचे यीस्ट घेतले आहे म्हणून सांगतो: फळांच्या रसात साखर विपुल आणि यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन तुटपुंजा, ही स्थिती वारंवार आढळते. द्राक्षरसात तो लिटरला साधारण १४० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर किण्वन रेंगाळण्याचा धोका मानतात. आपल्या निरोतील नायट्रोजन मोजून पाहिलात तर प्रकल्पाला खरे वजन येईल.

अंत्रुज, फोंडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एकच शंका उरते: परिणाम टॉर अडल्यामुळेच झाला, औषधाच्या अन्य विषारीपणामुळे नव्हे, हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कसे सिद्ध करावे?

ताळगाव पठार

एफपीआर १ काढून टाकलेला प्रयोगशाळेतील वाण मिळवा. औषध त्या प्रथिनावाचून टॉरला अडवू शकत नाही, म्हणून हा वाण रापामायसिनमध्येही वाढला पाहिजे. तो वाढला तर अन्य विषारीपणाची शंका बहुतांशी मिटते. औषध ज्या द्रावकात विरघळवले असेल तेवढाच द्रावक घातलेली एक नळी न चुकता ठेवा. केवळ गढूळपणा मोजून थांबू नका, सूक्ष्मदर्शकाखाली कळीविरहित पेशींचे प्रमाण मोजा आणि आयोडीनने ग्लायकोजेनचा तपकिरी रंग तपासा. त्याआधी निरोतून आलेले यीस्ट सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हेच आहे याची डीएनए क्रमवारीवरून खात्री करून घ्या, कारण आपोआप आंबणाऱ्या फळरसात सुरुवातीला हान्सेनियास्पोरासारख्या अन्य वंशांचे यीस्टही मुबलक असते, आणि त्यांची रापामायसिनविषयीची संवेदनशीलता वेगळी असू शकते.