१७ वर्षांखालील भारतीय फुटबॉल संघाची कामगिरी मुलांना कशी समजावून सांगावी?

प्रश्न – क्रीडाशिक्षक, अमळनेर

नमस्कार. मी अमळनेरच्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि सुब्रतो चषकाच्या शालेय फेऱ्यांसाठी मुलांचा संघ तयार करतो. परवा नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपला संघ वर्ल्डकपमध्ये तिन्ही सामने हरला, तरी त्याचे एवढे कौतुक का करतात?" प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत आपण अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे हरलो. म्हणजे आपल्यावर नऊ गोल झाले आणि आपला एकच. त्यातही प्रवेश मिळाला तो यजमान म्हणून, पात्रता फेरी खेळून नव्हे. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’च्या निमित्ताने राज्यभरातल्या शाळांत फुटबॉल खेळला गेला, तेव्हा आमच्याकडच्या मुलांमध्येही मोठा उत्साह होता. आता त्या संघाविषयी नव्या मुलांशी बोलताना खोटा अभिमान नको आणि विनाकारण कमीपणाही नको, असे मला वाटते. या संघाची खरी कुवत कोणत्या स्पर्धांवरून जोखावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – भुसावळ (रेल्वे मैदानावर अनेक वर्षे बचावफळीत खेळलेला)

सर, गोलफलक खोटे बोलत नाही, पण तो सगळेही सांगत नाही. अमेरिकेविरुद्ध ०-२ अशी पिछाडी असताना अन्वर अलीचा जोरदार फटका आडव्या दांडीवर आदळला आणि तोच चेंडू घेऊन अमेरिकेने प्रतिहल्ला चढवत तिसरा गोल केला. कोलंबियाविरुद्ध राहुल के. पी.चा फटका खांबाला लागला. पुढे ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने उंच उडी घेऊन डोक्याने गोल केला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल होता. सारे मैदान उभे राहिले, आणि ८३ व्या मिनिटाला पेन्यालोसाने कोलंबियाला पुन्हा आघाडी मिळवून दिली. मुलांना शिकवायचे असेल तर हेच एक मिनिट घ्या. गोल केल्यानंतर बचावफळीने आपापल्या जागा तातडीने धरायच्या असतात, आणि ती सवय मोठे सामने वारंवार खेळूनच अंगी बाणते. घानाविरुद्ध मात्र आपण ताकद आणि वेग या दोन्हींत सरळ कमी पडलो; तिथे सारवासारव करू नये.

परंतु कुवत जोखायची तर माझ्या मते २०१८ ची मलेशियातील १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धा पाहावी. बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखालील त्या संघाने व्हिएतनामला १-० असे हरवले, इराण आणि इंडोनेशिया यांना गोलशून्य बरोबरीत रोखले आणि २००२ नंतर प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे दक्षिण कोरियाकडून ०-१ असा पराभव झाला. तो सामना जिंकला असता तर २०१९ च्या विश्वचषकाचे तिकीट स्वतःच्या बळावर मिळाले असते. चार सामन्यांत फक्त एक गोल स्वीकारणारा संघ होता तो, आणि त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर २ – नंदुरबार (मुलींची प्रशिक्षक)

सर, यात मुलींचा संघही धरावा अशी विनंती. २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपण यजमान होतो. भुवनेश्वरला अमेरिकेने ८-०, मोरोक्कोने ३-० आणि ब्राझीलने ५-० असे हरवले. आपल्याकडे मुळात २०२० ची स्पर्धा व्हायची होती, ती कोरोनामुळे रद्द झाली होती, आणि या स्पर्धेच्या दोनच महिने आधी फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केल्याने यजमानपदच काही दिवस टांगणीला लागले होते. त्यानंतरच्या तुकडीने मात्र २०२५ मध्ये बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ असे नमवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. आमच्या सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुली दमसासात कोणालाही हार जात नाहीत, पण पायात स्टडचे बूट प्रथमच चढवतात ते थेट जिल्हास्तरीय सामन्याच्या दिवशी. मग पहिला अर्धा तास घसरण्यातच जातो.

उत्तर ३ – मूळ धुळे, सध्या पुणे

भुसावळच्या काकांच्या म्हणण्यात एक भर घालतो. १९७४ मध्ये बँकॉकला भारताने आशियाई युवा स्पर्धेचे विजेतेपद इराणसह संयुक्तपणे मिळवले होते. शब्बीर अली कर्णधार होते आणि अंतिम सामना २-२ असा सुटला होता. २०१८ मध्ये स्पेनमधील कोतिफ स्पर्धेत आपल्या २० वर्षांखालील संघाने दहा खेळाडूंनिशी अर्जेंटिनाच्या त्याच वयोगटाला २-१ असे हरवले. समोरच्या संघाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी होते, ज्यांनी पुढे २०२२ मध्ये अर्जेंटिनाच्या वरिष्ठ संघाला विश्वचषक जिंकून दिला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, जो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ चा विश्वचषकही खेळला.

मग अडते कुठे? माझे मत असे की, सोळाव्या-सतराव्या वर्षी आपण फार मागे नसतो. अंतर वाढते ते त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत, कारण त्या वयात पुरेसे चुरशीचे सामनेच मिळत नाहीत. २०१७ च्या मुलांसाठी इंडियन ॲरोज हा महासंघाचा तरुण खेळाडूंचा संघ आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत पुन्हा उतरवण्यात आला, त्यातून जॅक्सन, सुरेश सिंग, अन्वर अली यांच्यासारखे खेळाडू वरिष्ठ संघापर्यंत पोहोचले, आणि २०२२ मध्ये तो बंद झाला. दुसरीकडे २०१९ च्या १६ वर्षांखालील पात्रता फेरीत ताश्कंदला तुर्कमेनिस्तान आणि बहरीन यांच्यावर प्रत्येकी पाच गोल करून गटात पहिल्या आलेल्या तुकडीची आशियाई स्पर्धाच महासाथीत रद्द झाली. त्या मुलांची कामगिरी कोणत्या तक्त्यात मांडणार? २०२३ मध्ये थायलंडमधील १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत जपानकडून ४-८ असे हरलो, तरी जपानवर चार गोल करणारी आघाडीची फळी आपल्याकडे होती, हेही मुलांना सांगावे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला इराणला २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेची मिळवलेली पात्रताही विसरू नये.

प्रश्नकर्ता – अमळनेर

सर्वांचे आभार. सामन्यांच्या संख्येचा मुद्दा मला सर्वाधिक पटला, कारण आमच्या मुलांचीही नड तीच आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीची, तीही ऐन पावसाळ्यात. काळी माती बुटांना इतकी चिकटते की पाय उचलणे अवघड होते, आणि पहिलाच सामना हरलेल्या शाळेचे वर्ष चाळीस-पन्नास मिनिटांत संपते. दिवाळीनंतर मैदाने कोरडी होतात. नंदुरबार, अमळनेर, जळगाव आणि भुसावळ ही गावे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. तेव्हा आपल्या चार शाळांनी दर शनिवारी आळीपाळीने एकमेकांकडे जाऊन साखळी सामने खेळवले तर कसे? भुसावळच्या काकांनी रेल्वे मैदानाची परवानगी कोणाकडे मागायची ते कळवावे आणि नंदुरबारच्या ताईंनी मुलींच्या संघाला कोणती गाडी सोयीची पडेल ते सांगावे, म्हणजे मी मुख्याध्यापकांकडे लेखी प्रस्ताव देतो.