प्रोलॅक्टिन वाढलंय आणि गोळी थायरॉइडची! कुणी समजावेल का?

चिमणपाखरू: मदत हवी आहे, जरा लवकर. पाळी लांबत होती म्हणून तपासणी केली, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) ६८ आलं. रिपोर्टवर वरची मर्यादा २५ छापलीय. डॉक्टरांनी कागद बघून थायरॉइडची गोळी लिहिली, पुढचा पेशंट आत. प्रोलॅक्टिन तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं ना? मग मानेतल्या ग्रंथीचा संबंध काय? नेटवर जिथे बघावं तिथे पिट्युटरीची गाठ! एमआरआय करून टाकू का?

निवांत_नाना: टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) किती? औषधं कुठली चालू आहेत? गरोदरपणाची शक्यता? हे न सांगता काय डोंबल सांगणार!

चिमणपाखरू: टीएसएच १८. औषधं काही नाहीत. गरोदर नाही, बघून झालंय.

लॅबकरीण: टीएसएच एवढं जास्त म्हणजे थायरॉइड मंदावलीय. मग डॉक्टरांचं बरोबर आहे, फक्त समजावून सांगायला हवं होतं. थायरॉइड मंदावली की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग टीआरएच नावाचं हार्मोन जास्त सोडतो. त्याने पिट्युटरीतून टीएसएच वाढतं, आणि तेच टीआरएच प्रोलॅक्टिनच्या पेशींनाही डिवचतं. थायरॉइड ताळ्यावर आली की बहुतेकदा प्रोलॅक्टिनही उतरतं. एमआरआयची घाई नको. थायरॉइड बरेच दिवस कमी असली तर पिट्युटरीच फुगते आणि फिल्मवर गाठ वाटू शकते. उगाच घाबराल.

सकाळचं_ऊन: सगळा ताणाचा खेळ आहे हो. मी रोज पहाटे ध्यान करते, गोळ्या केव्हाच सोडल्या. तुम्हीही सोडा.

निवांत_नाना: ताई, तुमचं ध्यान तुम्हाला लखलाभ. टीएसएच १८ असताना गोळी सोडायला कुणाला सांगू नका. ताणाने प्रोलॅक्टिन थोडं वाढतं हे खरं, रक्त काढताना सुई टोचल्यानेही वाढतं. म्हणून मी तर म्हणेन, उठल्यावर दोन-तीन तासांनी, शांत बसून पुन्हा रक्त द्या. झोपेत ते चढलेलंच असतं.

पाचवा_मजला: एमआरआय कराच! माझ्या वहिनीलाही असंच सांगत बसले होते, शेवटी गाठ निघाली.

लॅबकरीण: वहिनींचं प्रोलॅक्टिन किती होतं? २०० च्या वर गेलं की गाठीचा संशय बळावतो. ६८ ला दुसरी कारणं आधी तपासतात.

पाचवा_मजला: आकडा लहान म्हणून गाठ नाही, असं कुठेय? बाकीची पिट्युटरीची हार्मोन्स वरून हुकूम आला की सुटतात, प्रोलॅक्टिनला मात्र हायपोथॅलॅमसचं डोपामिन सतत दाबून ठेवतं. प्रोलॅक्टिन न बनवणारी मोठी गाठही पिट्युटरीचा देठ दाबते, डोपामिन पोचत नाही, आणि आकडा मध्यम वाढतो. वहिनीचं तेच झालं होतं.

लॅबकरीण: हे मान्य. ताई, डोकं सतत दुखतं का? कडेचं दिसणं कमी झालंय का? तसं असेल तर थांबू नका.

बुटकेश्वर: मध्येच विचारतो, मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आहे. ग्रोथ हार्मोनही पिट्युटरीतूनच येतं म्हणे. इंजेक्शन कुठून सुरू करू?

निवांत_नाना: वेगळा धागा काढा. आणि आधी मुलाच्या डॉक्टरांकडे जा, इंजेक्शन नंतर.

चिमणपाखरू: डोकं नाही दुखत, दिसतंही नीट. पित्ताची गोळी आहे रोजची, पण ते काय औषध?

लॅबकरीण: पाकीट बघा. डॉम्पेरिडोन लिहिलंय का?

चिमणपाखरू: पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन.

लॅबकरीण: हे पहिल्यांदाच सांगायचं होतंत! डॉम्पेरिडोन डोपामिनची वाट अडवतं. रक्तातून मेंदूत जाताना अटकाव असतो, म्हणून तिथे ते फारसं शिरत नाही, पण पिट्युटरी त्या अटकावाच्या बाहेर आहे, तिथे बरोबर पोचतं. म्हणजे तुमच्याकडे दोन कारणं. डॉक्टरांना ही गोळी दाखवा. त्यांच्या सल्ल्याने काही दिवस बंद ठेवून प्रोलॅक्टिन पुन्हा तपासता येतं.

चिमणपाखरू: दाखवते. पण दोन्ही गोळ्या उपाशीपोटीच्या. आधी कुठली घेऊ?

निवांत_नाना: थायरॉइडची, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा-एक तास काही नाही. पँटोप्राझोलने तिचं शोषण कमी होऊ शकतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.