जुनं फोटोशॉप, नवं विंडोज : आपापले अनुभव लिहा

ठसेवाला
काल स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी बसलो होतो. समोर कोरं करकरीत विंडोज ११, आणि त्यावर उघडला तो फोटोशॉप ७.०चा डोळा! २००२ साल झर्रकन डोळ्यांपुढून गेलं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून मशीन बदलतंय आणि सॉफ्टवेअर तेच राहतंय. म्हणून हा धागा. काय अडलं, कसं सुटलं ते लिहा. क्रॅकची चर्चा नको.

श्रीगणेशा मी करतो. ७.० आणि त्याचा सेटअप दोन्ही ३२ बिट, म्हणून विंडोज ११वर चढतो. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचं काहीच चालत नाही, आणि ११ तर ६४ बिटमध्येच येतं. नव्वदीतल्या काही प्रोग्रॅमांचा सेटअप १६ बिट आणि आतला माल ३२ बिट असतो, ते सेटअपलाच माना टाकतात.

सीडी आधी हार्डडिस्कवर उतरवा. सेटअप 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. जागा विचारली की 'प्रोग्रॅम फाइल्स' नको, सी ड्राइव्हवर साधा 'पीएस७' फोल्डर करा. जुनी सॉफ्टवेअर स्वतःच्याच फोल्डरात लिहायला जातात, विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही आणि गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात वळवतं. मग 'ब्रश सेव्ह केला होता, गेला कुठे' सुरू होतं. शेवटी ७.०.१चा अपडेट टाका.

कात्रण
+१. आणि प्रोग्रॅम रोज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची सवय मोडा. सेटअपपुरतं ठीक. तसा चालवला की फोल्डरातून फोटो ओढून आत टाकता येत नाही, कारण साध्या हक्काच्या खिडकीतून वरच्या हक्काच्या खिडकीत ड्रॅग करू देत नाहीत. लोक माऊस बदलतात :)

पेनड्राइव्ह
सर्व्हरचा झेड ड्राइव्ह फोटोशॉपमधून दिसत नाही, तो पण त्याच्यामुळेच का?

कात्रण
हो, त्याच्यामुळेच. मॅप केलेला ड्राइव्ह साध्या लॉगिनला जोडलेला असतो, अ‍ॅडमिन खिडकीला तो माहीतच नसतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची टिक काढा, दिसेल.

फ्लेक्सकिंग
स्क्रॅच डिस्कचं (रॅम पुरली नाही की फोटोशॉप तात्पुरतं सामान ठेवतं ती जागा) कुणी बोललंच नाही अजून. 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणून उघडतच नाही आणि ड्राइव्ह तर रिकामा ढणढणीत. फार मोठ्या पार्टिशनची मोकळी जागा मोजताना या आवृत्त्या गोंधळतात. डिस्क मॅनेजमेंटमधून ४०-५० जीबीचं वेगळं पार्टिशन काढा. मग कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरून फोटोशॉप उघडा, स्क्रॅच निवडायची खिडकी आधी येते, तिथे ते नवं पार्टिशन द्या.

तरी रुसलं तर कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट धरून उघडा, प्रेफरन्स पुसू का विचारेल, हो म्हणा. आणि 'स्क्रॅच आणि विंडोजची पेजिंग फाइल एकाच ड्राइव्हवर आहे' असं सुरुवातीला येतं ती एरर नाही, नुसती सूचना. ओके करून पुढे.

मेमरीची टक्केवारी ५०-६०वर ठेवा. मशीनला ३२ जीबी रॅम असली तरी हे बाळ २ जीबीच्या आसपासच खातं, बाकी शोभेला.

ठसेवाला
फ्लेक्सकिंग, मोठ्या साइजचं पण लिहा की.

फ्लेक्सकिंग
७.०ची मर्यादा ३०,००० पिक्सेल, लांबी असो की रुंदी. २० बाय १० फुटांचा बॅनर ७२ डीपीआयला १७,२८० बाय ८,६४० होतो, सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) साधारण ५७० एमबी, तेही लेयर न धरता. चालतो. तोच कुणी हट्टाने १५० डीपीआयला मागितला की ३६,००० होतो आणि ७.० हात वर करतं. पीएसबी (मोठ्या फाइलींचा फॉरमॅट) आणि ३ लाख पिक्सेल सीएसपासून (७.०च्या पुढची आवृत्ती, मग सीएस२ ते सीएस६, मग सीसी) पुढे. रस्त्यापलीकडून बघायच्या बॅनरला १५० कशाला लागतं हा प्रश्न मात्र गिऱ्हाइकाला विचारायचा नसतो.

वेलांटी
फॉन्टकडे या. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर तो फक्त त्या यूजरपुरता, त्याच्या लोकल अ‍ॅपडेटाच्या फोल्डरात पडतो. वर्डमध्ये दिसतो, जुन्या फोटोशॉपला दिसत नाही. 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडायचं. विंडोज ११मध्ये दिसलं नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये शोधा. आधीच चुकीचा बसला असेल तर तो काढून पुन्हा टाका.

दुसरं, ७.०ला युनिकोड मराठी जमत नाही. 'कि' टाइप केलं तर वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. मंगल किंवा कोकिळा निवडून उपयोग नाही, फॉन्टची चूक नाहीच, अक्षरं जुळवणारं इंजिनच ७.०मध्ये नाही. म्हणून दुकानांत अजून श्री-लिपी, शिवाजी वगैरे जुने आठ बिटचे फॉन्ट चालतात. त्यांत 'कि'ची वेलांटी आधी टाइप करायची, मग क.

आता खरी गोम. जुन्या फॉन्टची निम्मी अक्षरं १२८ ते २५५ या कोडांवर बसवलेली असतात. नव्या मशीनवर अर्धा मजकूर बरोबर आणि अर्ध्या जागी चौकोन दिसत असतील तर लँग्वेज अँड रीजनमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज'मध्ये जा, 'चेंज सिस्टिम लोकेल' उघडा आणि 'बीटा : यूज युनिकोड यूटीएफ-८' ही टिक काढा. लोकेल इंग्रजी ठेवा, रीस्टार्ट करा. ती टिक असली की हे वरचे कोड विंडोज वेगळेच समजतं.

चौकोनी_कुटुंब
ताई, तुम्ही देवमाणूस. टिक काढली आणि सगळे रफार परत आले.

पेनड्राइव्ह
नाव सार्थ केलंत राव

शाईपुसणं
फॉन्टच्या नावासमोर नमुना दिसणं सीएस२पासून आलं. ७.०मध्ये दोनशे फॉन्ट नावाने ओळखणारे ऑपरेटर आहेत, त्यांना म्युझियममध्ये ठेवा.

श्री-लिपीचं डोंगल (संगणकाला लावायची लायसन्सची किल्ली) चालतंय का कुणाचं ११वर? जुनं, जांभळं.

वेलांटी
डोंगल नाही, त्याचा ड्रायव्हर अडतो. विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटिग्रिटी' जुने ड्रायव्हर रोखते. ती बंद करण्याआधी डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधा, बहुतेक वेळा जुनं डोंगल त्यावर चालतं. जुना ड्रायव्हर आधी पूर्ण काढा.

रिंगफ्लॅश
सीएस६वाल्यांसाठी. परफॉर्मन्सचं पान उघडलं की '९६ आणि ८ यांमधला पूर्णांक हवा' असा वेडगळ निरोप येतो. (९६पेक्षा मोठी आणि ८पेक्षा लहान संख्या, काढा शोधून!) रॅम किती आहे ते त्याला नीट वाचता येत नाही. रेजिस्ट्री उघडा, आधी एक्सपोर्ट करून जपून ठेवा. करंट यूजर, सॉफ्टवेअर, अडोबी, फोटोशॉप, ६०.० इथवर जा. उजवीकडे नवी ३२ बिट डीवर्ड. नाव 'ओव्हरराइड फिजिकल मेमरी एमबी', इंग्रजीत, सगळं सलग, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, एमबी दोन्ही कॅपिटल. डेसिमल निवडून किंमत द्या : ८ जीबीला ८१९२, १६ला १६३८४. डेसिमल निवडायला विसरलात तर आकडा हेक्सात जातो आणि भलतंच होतं. ६०.० म्हणजे सीएस६, पुढच्या सीसीला ७०.०.

नव्या ग्राफिक कार्डावर सीएस६ कॅनव्हास काळा करतं किंवा झूम करताना पडतं, तेव्हा परफॉर्मन्समध्येच 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' बंद.

मुंगीअक्षर
लॅपटॉपचा पडदा फोर-के, टूलबार मुंगीएवढा. काय करतात?

रिंगफ्लॅश
फोटोशॉपच्या एक्झी फाइलवर प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', खालची ओव्हरराइडची टिक, आणि यादीतून 'सिस्टिम'. 'सिस्टिम एनहान्स्ड' पण बघा, २०१७च्या अपडेटपासून आहे, पण कॅनव्हास विचित्र दिसला तर परत साधं सिस्टिम.

एक धोका. २०० टक्के स्केलिंगला विंडोज फोटोसकट सगळी खिडकी ताणून दाखवतं. १०० टक्के झूमला तुम्हाला एक पिक्सेल चार पिक्सेलांत दिसतोय. शार्पनिंग तिथे बघून ठरवलं तर प्रिंटमध्ये कडा नको तितक्या करकरीत येतात. शार्पनिंगच्या वेळी बाहेरचा साधा फुल एचडी मॉनिटर लावा, १०० टक्के स्केलला.

कात्रण
मुंगीअक्षर, हे नाव मुद्दाम घेतलंय ना?

मुंगीअक्षर
नाही हो, शाळेतलं आहे.

जेपीजीकाका
गिऱ्हाईक मोबाइलवरून फोटो पाठवतं आणि फोटोशॉप म्हणतं 'अननोन ऑर इनव्हॅलिड जेपेग मार्कर'. फाइल खराब नसते. नाव जेपीजी, आतून हेइक किंवा वेबपी, म्हणजे दुसऱ्याच फॉरमॅटची असते. नाव बदलून फाइल बदलत नाही. विंडोजच्या पेंटमध्ये उघडा, सेव्ह अ‍ॅज जेपेग. हेइकसाठी स्टोअरमधलं एक्स्टेन्शन लागू शकतं. फोटोशॉपला वेबपी स्वतःहून उघडता येतं ते २०२२च्या २३.२ आवृत्तीपासून.

नव्या कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल सीएस६ घेत नाही, तर तिची डीएनजी फाइल करून देणारा अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे. त्याच्या प्रेफरन्समध्ये कंपॅटिबिलिटी आपल्या कॅमेरा रॉच्या आवृत्तीएवढी मागे न्यायची. हे विसरतात आणि डीएनजीलाच नावं ठेवतात.

सुरेख_प्रिंट
नव्या आवृत्तीतली पीएसडी (फोटोशॉपची लेयरवाली फाइल) ७.०मध्ये उघडून सेव्ह करू नका, कॉपीवर काम करा. स्मार्ट ऑब्जेक्ट सीएस२चं, व्हायब्रन्स लेयर सीएस४चा, ७.०ला यांचा पत्ताच नाही. सेव्ह केलं की ते गेले. पाठवणाऱ्याला 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू ठेवायला सांगा, निदान दिसेल तरी नीट.

कुणाकडे पासपोर्टची अ‍ॅक्शन (रेकॉर्ड करून ठेवलेल्या पायऱ्या) आहे का ४ बाय ६ची?

जेपीजीकाका
स्वतः करा, दोन मिनिटांचं काम. ३५ बाय ४५ मिमी, ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेल. १८०० बाय १२०० कागदावर आडवे चार, उभे दोन, आठ बसतात. प्रत्येकाला बारीक स्ट्रोक, कातरीसाठी. ७.०ची एटीएन (अ‍ॅक्शनची) फाइल पुढच्या आवृत्त्यांत लोड होते, उलटं धरून चालू नका.

सफरचंद
मॅकवाल्यांना इथे जागा आहे का? ७.०, सीएस, सीएस२ पॉवरपीसीचे, म्हणजे इंटेलआधीच्या मॅक प्रोसेसरचे. मॅकच्या २०११च्या लायन आवृत्तीत रोझेटा (ते इंटेलवर चालवणारा दुभाषा) गेलं, तिथेच संपले. सीएस६ स्वतः ६४ बिट, पण इन्स्टॉलर आणि लायसन्सचे तुकडे ३२ बिट, म्हणून २०१९च्या कॅटालिना आवृत्तीवर बसत नाही. मोहावी (कॅटालिनाच्या आधीची आवृत्ती) चालणारा इंटेल मॅक असेल तर बाहेरच्या एसएसडीवर ती टाका आणि त्यावरून बूट करा. टी२ चिप असेल तर आधी स्टार्टअप सिक्युरिटीत बाहेरून बूट करायची परवानगी द्यावी लागते.

पेनड्राइव्ह
आणि एम१ वगैरे?

सफरचंद
त्यावर मोहावी चढत नाही. विषय कट.

उबुंटूआजोबा
लिनक्सवर वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) ७.० आणि सीएस२ बऱ्यापैकी चालतात. सीएस-सीएस२ नीट चालावं म्हणून गूगलने वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स कंपनीला पैसे दिले होते, २००८ची बातमी. वाइनट्रिक्समधून कोअरफॉन्ट्स आणि एटीएमलिब टाका, नाहीतर टेक्स्ट टूलला हात लावला की पडतं.

शाईपुसणं
व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक) एक्सपी हा राजमार्ग, लायसन्स असेल तर. २ जीबी रॅम, २० जीबी डिस्क, एक कोअर. डिस्कचा कंट्रोलर आयडीई ठेवा. साटा ठेवला तर एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही, निळा पडदा ७बी. नेटवर्क बंद, फाइली शेअर्ड फोल्डरातून. रंगांवर मात्र भरवसा नको, मॉनिटरचं प्रोफाइल आत पोचत नाही. आणि 'अडोबी गॅमा लोडर' स्टार्टअपमध्ये दिसला तर मूळ विंडोजवर काढून टाका, व्हिस्टापासून तो निकामीच आहे.

चौकोनी_कुटुंब
डॉक्युमेंट्समध्ये सेव्हच होत नाही, फाइल लॉक म्हणतं. डी ड्राइव्हवर होतं.

कात्रण
विंडोज सिक्युरिटी, रॅन्समवेअर प्रोटेक्शन, 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू असेल. बंद करू नका. 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप'मध्ये फोटोशॉपची एक्झी जोडा.

चौकोनी_कुटुंब
झालं सेव्ह. आता फोटोशॉपमधून दुसऱ्या खिडकीत जाताना दहा सेकंद लटकतं, ते पण सांगून टाका.

कात्रण
प्रेफरन्स, जनरल, 'एक्स्पोर्ट क्लिपबोर्ड'ची टिक काढा. आधी मोठा बॅनर कॉपी केलेला असणार, दर वेळी तो अख्खा विंडोजला देत बसतं.

फ्लेक्सकिंग
आणि स्कॅनर? ३२ बिट ट्वेन (स्कॅनर फोटोशॉपला जोडणारा ड्रायव्हर) ६४ बिट फोटोशॉपला दिसत नाही, सीएस५-सीएस६बरोबर ३२ बिटचं दुसरं फोटोशॉपही येतं, ते उघडा. जुने प्लगइनही तिथेच चालतात. ड्रायव्हरच नसेल तर व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं वेगळं सॉफ्टवेअर. सुरेख_प्रिंट, तुमच्या बॅनरची फाइल मेल केलीय, २० बाय १०, ७२लाच केलीय, १५० मागू नका.